वस्तरा, वही आणि फलक क्रमांक ७

२ जून २०२५

सोमवार. सलून बंद आहे, म्हणून मधल्या खुर्चीत बसून लिहिते आहे. वाचनालयापेक्षा इथला पंखा बरा.

काम असं आहे. श्रावण वद्य द्वादशीला सेना महाराजांची पुण्यतिथी. दरवर्षी कीर्तन आणि महाप्रसाद होतो. यंदा मंडळाला वाचनालयाच्या हॉलमध्ये छोटं प्रदर्शनही हवंय, ‘आपल्या व्यवसायातली मोठी माणसं’ अशा धर्तीचं. मी दहा जणांची यादी करायला बसले आणि एकाच माणसापाशी अडकले. विल्यम जॉन्सन, नॅचेझ, मिसिसिपी राज्य, अमेरिका. जन्म १८०९, मृत्यू १८५१. जन्माने गुलाम, पुढे मुक्त, धंद्याने न्हावी. बाकीच्या नऊ जणांची नुसती नावं आणि चार ओळी मिळत होत्या. या माणसाने १८३५ पासून मरेपर्यंत, सोळा वर्षं रोजनिशी लिहिली आहे. चौदा वह्या, दोन हजारांवर पानं.

अध्यक्षांना फोन केला. दहांऐवजी एकच चालेल का? म्हणाले, “माणूस मोठा आहे ना? मग चालेल.” दहा फलक, दोन फूट बाय तीन. फ्लेक्स नको म्हणून सांगितलंय. दुसऱ्याच दिवशी कुणाच्या तरी गोठ्यावर जातो.

५ जून

कच्चा आराखडा: १ जन्म आणि सुटका, २ उमेदवारी, ३ दुकान, ४ गाव, ५ घर, ६ कायदा, ७ रिकामा, ८ खून, ९ खटला, १० वही कशी सापडली. सातवर काय घ्यायचं ते अजून ठरलं नाही. संसार घेईन बहुतेक. १८३५ साली अ‍ॅन बॅटल्सशी लग्न झालं, तीही गुलामीतून सुटलेली.

९ जून

फलक १ ने दिवस खाल्ला. मालकाचं नावही विल्यम जॉन्सन आणि गुलाम मुलाचंही विल्यम जॉन्सन. मालक गोरा आणि बहुधा मुलाचा बाप. मराठीत ‘जॉन्सनने जॉन्सनला मुक्त केलं’ असं लिहिलं, तर वाचणारा तिथेच थांबेल. शेवटी ‘मालक’ आणि ‘विल्यम’ असे दोन शब्द ठरवले आणि फलकभर तेच पाळले.

सुटका कशी झाली, ते नीट समजावून सांगण्यासारखं आहे. आई एमी १८१४ मध्ये सुटली, तीही नदीपलीकडे लुइझियानात नेऊन. बहीण अडेलिया १८१८ मध्ये फिलाडेल्फियाला. म्हणजे एकेका माणसाला सोडवायला वेगळ्या राज्यात न्यावं लागलं. कारण मिसिसिपीत गुलाम मुक्त करायचा तर थेट विधिमंडळाचा ठराव लागे. विल्यमसाठी मालकाने तसा अर्ज केला आणि १८२० साली, मुलगा अकरा वर्षांचा असताना, एक अख्खा कायदा त्या एका पोरासाठी झाला. आप्पांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “आपल्याला जातीचा दाखला काढायला चार महिने लागले, त्यात काय.” वस्तरा पुसता पुसता बोलतात, त्यामुळे थट्टा आहे की खरंच तसं वाटतं, ते कळत नाही.

१६ जून

जॉन्सनवर गोळी झाडली गेली ती १६ जून १८५१ ला. वार काढून पाहिला, तोही सोमवार. मग आणखी एक कळलं. १८५१ आणि २०२५ यांचं कॅलेंडर तारीखवार एकच आहे. दोन्ही वर्षांची सुरुवात बुधवारी आणि दोन्ही साधी वर्षं. आपल्या सलूनमधलं कॅलेंडर त्याच्या भिंतीवर चाललं असतं. फलकावर घ्यायची गोष्ट नाही ही, पण आज दिवसभर ते कॅलेंडर बघवेना.

२३ जून

पैशाचा फलक. यात मला मजा आली.

धंदा तो मेहुण्याकडे शिकला. बहिणीचा नवरा जेम्स मिलर नॅचेझमध्ये न्हावी होता. तोही मुक्त कृष्णवर्णीय. शिकून झाल्यावर १८२८ मध्ये विल्यमने पोर्ट गिब्सन नावाच्या जवळच्या गावात स्वतःचं दुकान टाकलं. वय एकोणीस. तिथल्या बावीस महिन्यांचा जमाखर्च टिकला आहे: दाढी-कटिंगचे १,०९४ डॉलर ५० सेंट. म्हणजे महिन्याला पन्नासला थोडे कमी. मग १८३० मध्ये मिलर न्यू ऑर्लिन्सला निघाला, तेव्हा त्याचं नॅचेझचं दुकान विल्यमने ३०० डॉलरला घेतलं. सहा महिन्यांच्या गल्ल्यात चालतं दुकान, गिऱ्हाइकासकट. भाऊ म्हणाला, “आज एवढ्यात दोन खुर्च्यासुद्धा येत नाहीत.”

त्यानंतर नुसत्या दाढ्या राहिल्या नाहीत. मुख्य रस्त्यावरचं दुकान, खाली बंदरावर दुसरं, शिवाय स्नानगृह: पैसे भरा आणि गरम पाण्याने आंघोळ करा. दुकानात अत्तरं, साबण. मग गाळे आणि खोल्या भाड्याने. मग लोकांना हातउसने पैसे, व्याजाने. कापसाच्या मळ्यांचे गोरे मालक त्याच्याकडून पैसे घेत आणि त्याच्याच खुर्चीत गळा वर करून बसत. ‘छोट्या गावातला न्हावी आणि व्यापारी’ म्हणतात, ते याला.

इथे आमच्याकडच्या माणसाला एक फरक लगेच दिसतो. आपल्या पणजोबांना बलुतं मिळायचं, सुगीला खळ्यावर जाऊन. दाढी गावभराची, हिशोब धान्याचा, आणि वर लग्नात निमंत्रणं पोचवा, मशाल धरा. जॉन्सनला दर गिऱ्हाइकामागे रोकड मिळे. बाकी धंद्याकडे बघण्याची नजर तीच. दुसऱ्याची दाढी करणं म्हणजे चाकरी, असं दक्षिणेतल्या गोऱ्यांना वाटे, म्हणून तो धंदा त्यांनी मुक्त काळ्या माणसांना सोडून दिला. कमीपणा मानलेल्या कामातच पैसा साठला. मात्र दुकानात गिऱ्हाईक गोरंच. त्याच्यासारख्या रंगाच्या माणसाला त्याच्या मुख्य दुकानात खुर्ची नव्हती. हे वाक्य मी फलकावर ठळक करणार होते. नंतर साधंच ठेवलं, ठळक केल्यावर ते ओरडतं.

३० जून

गावाचा फलक. नॅचेझ दोन थरांत वसलेलं आहे. वर उंच कड्यावर देखणं गाव, खाली मिसिसिपीच्या काठाला बोटी, दारू, जुगार. मी ‘वरचं गाव’ आणि ‘खालचं बंदर’ लिहिलंय. १८४० च्या आसपास वस्ती पाच हजारांच्या आत, म्हणजे आजच्या आपल्या गावापेक्षा लहान. पैसा मात्र कापसाचा, आणि कापूस गुलामांच्या हातचा. गावाच्या वेशीवरच गुलामांचा मोठा बाजार भरे.

७ मे १८४० ला टोर्नाडो, म्हणजे भोवऱ्यासारखं वादळ आलं. ३१७ माणसं गेली, त्यातली बहुतेक नदीवर, बोटींमध्ये. मोठ्या वादळाची बातमी गावाला कळवायला कुणी उरत नाही, असं आजी म्हणायची. इथे वही लिहिणारा उरला.

७ जुलै

घराचा फलक झाला. वादळात पडलेल्या इमारतींच्या विटा वापरून जॉन्सनने स्टेट स्ट्रीटवर तीन मजली घर बांधलं. खाली गाळे भाड्याने, वर बिऱ्हाड. आपल्या बाजारपेठेतल्या अर्ध्या इमारती अशाच आहेत, त्यामुळे हा फलक कुणाला समजावायला लागणार नाही. घर अजून उभं आहे, नॅचेझच्या राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाच्या ताब्यात. २००५ पासून लोकांना आत जाऊन पाहता येतं.

रोजनिशीतल्या बारीकसारीक गोष्टींसाठी फलकाला एक चिंचोळी पट्टी केली आहे. मासेमारी, शिकार, घोड्यांच्या शर्यतीवर लावलेले पैसे, व्हायोलिन, कुणाची कुणाशी रस्त्यात मारामारी. थिएटरात त्याची जागा वेगळी, वर गॅलरीत. आणि आई एमी. तिच्या भांडणांनी तो इतका वैतागलेला की ‘म्हातारी आज दिवसभर भांडायच्या लहरीत आहे’ अशा अर्थाची नोंद करून ठेवतो. आमच्या आईला हे फार आवडलं. म्हणाली, लेकाने लिहून ठेवलं म्हणून बदनामी, नाहीतर कोण विचारतंय.

त्याची अक्षरओळख कामापुरती. वाटेल तिथे मोठी अक्षरं, शब्द कानाला येतील तसे. भाषांतरात मी शुद्ध मराठी वापरते आहे, हे खरं तर चुकतंय. पण अशुद्ध मराठी लिहिलं तर मंडळी म्हणतील छपाईच्या चुका.

१४ जुलै

कायद्याचा फलक. मिसिसिपीने १८३१ मध्ये ठरवलं की सोळा ते पन्नास वयाच्या मुक्त कृष्णवर्णीयांनी नव्वद दिवसांत राज्य सोडावं. राहायचं असेल तर चांगल्या वर्तनाचा पुरावा देऊन परवाना काढावा. पुरावा म्हणजे गोऱ्यांच्या सह्या. दहा वर्षं हे सैल चाललं. १८४१ मध्ये नॅचेझमध्ये एकाएकी धरपकड सुरू झाली. कचेऱ्या दिवसभर भरलेल्या, जो तो अर्जावर सह्या गोळा करत फिरतोय. जॉन्सन या प्रकाराला ‘इन्क्विझिशन’ (जुन्या युरोपातल्या चर्चची छळवादी चौकशी) म्हणतो. त्याला स्वतःला धक्का लागला नाही. ज्यांच्या सह्या चालत होत्या, ते सगळे त्याचं गिऱ्हाईक होते. तो इतरांसाठी सह्या मिळवून देत राहिला. पुढच्याच वर्षी राज्याने गुलाम मुक्त करणंच बंद केलं. १८४० मध्ये अख्ख्या मिसिसिपीत मुक्त कृष्णवर्णीय १,३६६ होते. १८५० मध्ये ९३०.

विल्यमला वयाच्या अकराव्या वर्षी जे दार उघडलं, ते तो तेहेतीस वर्षांचा असताना भिंतीत चिणून टाकलं गेलं. हे वाक्य लिहिलं, फार सजलेलं वाटलं, खोडलं. आकडे पुरेत.

२१ जुलै

सातवा फलक.

इतके दिवस टाळत होते. जॉन्सनकडे गुलाम होते. मेला तेव्हा पंधराच्या आसपास. दुकानात, शेतावर, घरात. हे मला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं आणि आराखड्यात मी सातसमोर ‘रिकामा’ लिहून ठेवलं होतं. आज मागे जाऊन ते पान बघितलं आणि लाज वाटली.

स्टीव्हन नावाचा एकजण. दारूचं व्यसन. पळून जाई, पिऊन पडे, जॉन्सन शोधून आणी, मारी, पुन्हा कामाला लावी. अशी कित्येक वर्षं. डिसेंबर १८४३ मध्ये त्याने स्टीव्हनला विकला. ३१ तारखेची नोंद आहे की आजचा दिवस फार वाईट गेला, डोळ्यांत पुन्हा पुन्हा पाणी आलं. संध्याकाळी त्याला पोचवायला खाली बंदरावर गेला, पण बोट त्या दिवशी पुन्हा पलीकडे गेली नाही. तेवढ्यात स्टीव्हन पिऊन आला. जॉन्सनने त्याला घरी नेलं आणि माळ्यावर झोपवलं.

१ जानेवारी १८४४. सकाळी लवकर उठून त्याला होडीपर्यंत नेलं आणि नव्या मालकाच्या मुकादमाच्या ताब्यात दिलं. जाताना पँटचे पट्टे दिले, मोज्यांचा एक जोड, आणि दोन सिगार. हातात हात घेतला. दारू सोडली असती तर विकलं नसतं, असं लिहिलंय. आणि त्याच नोंदीत: ४०० डॉलरचा चेक मिळाला, उरलेल्या २०० ची चिठ्ठी, मार्चमध्ये देय.

मी ही नोंद चार वेळा वाचली. पहिल्या वेळी रडू आलं, ते जॉन्सनसाठी. चौथ्या वेळी ४०० अधिक २०० ही बेरीज करत होते. एकाच पानावर, एकाच शाईत मोजे आणि चेक.

स्टीव्हनने काही लिहून ठेवलेलं नाही. त्याचं जे काही आपल्यापर्यंत आलं, ते विकणाऱ्याच्या वहीतून.

फलक ७: वर फक्त तारीख. खाली त्या दिवशी स्टीव्हनला मिळालेल्या वस्तू आणि जॉन्सनला मिळालेली रक्कम, शेजारी शेजारी. टीपा नाहीत.

२८ जुलै

श्रावण लागला. सलून ओस. निम्मं गाव दाढ्या वाढवून बसलंय आणि भाऊ मोबाइलवर. मंडळाच्या बैठकीला मात्र त्यामुळे सगळे हजर.

फलक १ ते ६ वर टाळ्या. सातवर शांतता. मग खजिनदार काका म्हणाले, “ताई, पुण्यतिथीला हे कशाला? आपण माणूस मोठा म्हणून दाखवतोय.” दुसरे म्हणाले, त्या काळी असंच असायचं, आणि तो काही मळेवाल्यासारखा नव्हता, ही पोरं म्हणजे उमेदवारच समजा, आपल्याकडे शिकायला पोरगं ठेवतात तसं. एका तरुण मुलाने फुल्यांचा फलक सुचवला. ‘गुलामगिरी’ १८७३ ची, आणि तिची अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या गुलामांची मुक्तता करणाऱ्या लोकांना आहे. सूचना चांगली आहे, आणि दुवा खरा आहे. पण मला दिसत होतं की सातच्या जागी फुले आणून सात घालवायचा विचार चाललाय.

मी म्हटलं, फुले घेऊ, पण अकरावा म्हणून. सात राहील. अध्यक्षांनी निर्णय पुढच्या सोमवारवर ढकलला.

४ ऑगस्ट

बैठक सलूनमध्येच झाली. आप्पा कोपऱ्यात बसून जुनी धोकटी साफ करत होते. प्रदर्शनात ठेवायला मीच मागितली होती. आत आजोबांचा वस्तरा, तुरटी, नराणी, पत्र्याची वाटी.

पुन्हा तेच निघालं. उमेदवार, शिकाऊ पोरगं, घरच्यासारखं.

आप्पा मंडळाच्या बैठकीत कधी बोलत नाहीत. त्या दिवशी वस्तरा मिटून म्हणाले, “मी मामाकडे सात वर्षं शिकलो. पगार नाही. जेवण आणि दिवाळीला कपडे. मामा पट्ट्याने मारायचा. तोच पट्टा, वस्तरा लावायचा.” थोडं थांबले. “पण मी आठव्या वर्षी एसटीत बसून घरी आलो. मामाला मला विकता येत नव्हतं.”

खजिनदार काका वाटी हातात घेऊन उगाच बघत राहिले. सात राहिला.

आप्पांचा मामा मला माहीत होता, पट्टा माहीत नव्हता.

८ ऑगस्ट

खून आणि खटला, आठ आणि नऊ. घाईत लिहिलेत, पण गोष्टच अशी आहे की ती स्वतः पुढे ओढते.

शेवटच्या वर्षांत जॉन्सनने गावाच्या दक्षिणेला जमीन घेतली होती. शेजारी बेलर विन नावाचा शेतकरी. बांधाचा वाद (हे समजवायला एक ओळही लागणार नाही). मोजणी झाली, कोर्टात गेलं, १८५१ मध्ये निकाल जॉन्सनच्या बाजूने लागला. १६ जूनला शेतावरून परतताना दबा धरून कुणीतरी गोळी झाडली. बरोबर मुलगा होता, एक उमेदवार आणि एक गुलाम. जॉन्सन दुसऱ्या दिवशी गेला, जाण्याआधी विनचं नाव घेऊन.

साक्षीदार होते, पण काळ्या माणसाची साक्ष गोऱ्याविरुद्ध चालत नसे. गावात विनला सगळे मिश्रवर्णीय म्हणून ओळखत. कोर्टात त्याच्या वकिलांनी मांडलं की तो गोऱ्या आणि रेड इंडियन (अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या) वंशाचा आहे, काळ्या रक्ताचा नाहीच. सरकारी पक्षाला उलट सिद्ध करता आलं नाही. खटला पुन्हा पुन्हा उभा राहिला, दोन वर्षं विन तुरुंगात, आणि १८५३ मध्ये सुटला. खून कुणी केला यावर कोर्ट बसलंच नाही. ते बसलं आरोपीच्या आजोबा-पणजोबांवर.

नववा फलक वाचून आई म्हणाली, या लोकांनी आपल्याकडून शिकलं की आपण त्यांच्याकडून.

१३ ऑगस्ट

छपाईचा पुरावा आला. जोडाक्षरं फुटलीत: ‘न्हावी’चा ‘न ्हावी’ झालाय, सगळीकडे. फाँट बदलून पुन्हा पाठवलं. कापडी बोर्डचा भाव मंडळाला जास्त वाटतोय. दहावा फलक छोटा केला: वह्या घरातल्यांनी जपल्या, १९३८ मध्ये अभ्यासकांच्या हाती लागल्या, १९५१ मध्ये छापल्या गेल्या. खुनाला तेव्हा शंभर वर्षं झाली होती.

फुल्यांच्या अकराव्या फलकावर अर्धी जागा उरली. तिथे १८९० ची मुंबईतली न्हाव्यांची सभा घेतली: नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने ठरलेलं की विधवांचं केशवपन करायचं नाही. वस्तरा कुणाच्या डोक्याला लावायचा, हे वस्तरेवाल्यांनी एकत्र बसून ठरवलं.  नॅचेझमध्ये अशी सभा भरली असती तर जॉन्सन बसला असता का, हे मला सोळा वर्षांच्या नोंदी वाचून सांगता येणार नाही असं नाही. नसता बसला.

२० ऑगस्ट

द्वादशी. सकाळपासून पाऊस, तरी हॉल भरला. कीर्तनकार बुवा फलक बघून गेले आणि निरूपणात ‘नदीकाठचा एक नापित’ म्हणून जॉन्सनला आणलं. मोजे आणि सिगारही आणले. चेक आणला नाही.

शाळेची पोरं पट्टीवरच्या भांडखोर म्हातारीपाशी हसत होती. सातपाशी गर्दी नव्हती. एक एक जण थांबत होता आणि पुढे जात होता.

चारच्या सुमारास आप्पा आले. चष्मा विसरले होते. सात मला वाचून दाखवायला सांगितला. मी वाचला: पट्टे, मोज्यांचा जोड, दोन सिगार. चारशे, दोनशे. ते म्हणाले, “त्या स्टीव्हनला दाढी करायला शिकवलं होतं का याने?” मी म्हटलं, दुकानातल्या इतर काहींना शिकवलं होतं. “मग हा जिथे गेला तिथे त्याच्या हातात काय होतं?” म्हटलं, मोजे.

आवरताना: फलक ७ चा खालचा कोपरा ओलीने सुटलाय, उद्या खिळे. धोकटी काचेच्या पेटीतून काढून आप्पांना परत द्यायची. वाटी सापडत नाहीये, काकांना विचारायचं.